आधी गार, मग गरम

बाळाच्या दुधाच्या बाटल्या घरी निर्जंतुक कशा करायच्या, या प्रश्नाला आम्हाला एका आठवड्यात सहा उत्तरं मिळाली. आई म्हणाली, पातेल्यात उकळायच्या, त्यात विचारायचं काय. सासूबाई म्हणाल्या, उकळून उकळून रबर चिकट होतं, त्यापेक्षा मोदकपात्रात वाफेवर ठेवा. ऑफिसातल्या एका मित्रानं अतिनील किरणांच्या डब्याची लिंक पाठवली. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणाला, डिशवॉशरला लाव आणि झोप. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं पाण्यात टाकायच्या गोळ्या काढून दाखवल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी कुकरच्या तीन शिट्ट्या सांगितल्या. सातवा फोन कराडजवळच्या गावाहून आजीचा होता. ती म्हणाली, “ते मागनं बघू. आधी धुतोस कशी ते सांग.”

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. सहा पर्याय समोर आले की आमच्या जमातीचा माणूस एक्सेल शीट उघडतो, तशी मीही उघडली. लागणारा वेळ, खर्च, वीज गेली तर काय, रात्री तीन वाजता जमेल का, असे कॉलम केले. शेवटचा कॉलम होता, ‘यानं नक्की काय मरतं?’ बाकीचे कॉलम तासाभरात भरले. शेवटचा भरायला महिना गेला.

घाईचं कारणही होतं. मुलगी चौतिसाव्या आठवड्यात झाली. वजन १ किलो ९०० ग्रॅम. पहिले बारा दिवस ती काचेच्या पेटीत होती. तिथं तिला दूध पाजायचे ते चोच असलेल्या लहानशा वाटीनं. केरळच्या सिस्टर तिला पलाडई म्हणत. आमच्याकडे त्यालाच बोंडलं म्हणतात, आणि आजीच्या फडताळात वडिलांच्या वेळचं एक अजून आहे. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, बाटली नको, वाटी-चमच्यानं पाजा. तीन आठवडे आम्ही तेच केलं. एकेका पाजण्याला पाऊण तास लागायचा, निम्मं दूध लाळेऱ्यात जायचं, आणि दीड तासानं पुन्हा पहिल्यापासून. बायको आधी अंगावर पाजायची, मग पंपानं दूध काढायची, मग तेच दूध चमच्यानं भरवायची. चोवीस तासांत तिला सलग दोन तास झोप मिळत नव्हती आणि मुलीचं वजन जागचं हलत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी नाखुशीनंच रात्रीपुरती बाटली मान्य केली. “पण स्वच्छता सांभाळा,” ते म्हणाले, “हिला जुलाब परवडणार नाहीत.”

रात्रीची बाटली माझ्याकडे आली. तसाही अमेरिकेतल्या क्लायंटमुळे मी एक वाजेपर्यंत जागाच असतो. त्यामुळे ‘परवडणार नाहीत’ हे शब्दही माझ्याच वाट्याला आले.

* * *

निर्जंतुक हा शब्द आपण फार सहज वापरतो. शास्त्रात त्याचा अर्थ कडक आहे: त्या वस्तूवर जिवंत काहीही उरता कामा नये, जिवाणूंचे बीजाणूसुद्धा नाहीत. बीजाणू म्हणजे काही जिवाणूंनी वाईट दिवसांसाठी बांधलेला किल्ला. बाहेर उष्णता असो वा कोरडेपणा, ते आत दडून बसतात आणि बरे दिवस आले की बाहेर पडतात. साध्या उकळत्या पाण्यात ते तासन्‌तास तग धरू शकतात. म्हणून दवाखान्यात ऑटोक्लेव्ह लागतो. पाश्चरचा सहकारी चार्ल्स शांबरलाँ यानं १८७९ च्या सुमारास तो तयार केला. तत्त्व कुकरचंच: वाफ कोंडायची, दाब वाढवायचा, म्हणजे तापमान शंभराच्या वर जातं. १२१ अंश, पंधरा मिनिटं, हे त्याचं नेहमीचं माप.

पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथं पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. म्हणजे शब्दाचा अर्थ काटेकोर धरला, तर आमच्या आईच्या पातेल्यात आजवर एकही बाटली निर्जंतुक झालेली नाही.

मग कुकर का नको? समोरच्या काकूंचा सल्ला तत्त्वतः सगळ्यात बरोबर होता. त्यांच्याकडे घरगुती ऑटोक्लेव्हच आहे. पण तीन शिट्ट्या म्हणजे किती मिनिटं, हे कुकर, गॅस आणि आतलं पाणी यांवर ठरतं. आतली हवा पूर्ण बाहेर गेली नाही तर दाब दिसतो, पण तापमान तेवढं नसतं. शिवाय तळाला टेकलेली प्लॅस्टिकची बाटली वाकडी होते. मुळात त्या बीजाणूंच्या मागे लागायची गरज आहे का, हाच प्रश्न होता. बाळाला जुलाब करणारे नेहमीचे गुन्हेगार, म्हणजे ई. कोलाय, साल्मोनेला, शिगेला, हे किल्ला बांधणारे नव्हेत. उकळत्या पाण्यात ते मिनिटभरही टिकत नाहीत.

आणखी एक गोष्ट मला आवडली, कारण ती आमच्या धंद्यातल्यासारखी आहे. उष्णतेनं जंतू एकदम मरत नाहीत, ठरावीक वेळात ठरावीक हिस्सा मरतो. समजा एका मिनिटात नव्वद टक्के मेले. दहा लाखांचे एक लाख उरले, पुढच्या मिनिटाला दहा हजार, मग हजार, मग शंभर. हा हिशेब शून्याच्या जवळ जातो, शून्यावर कधी पोचत नाही. शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक आहेत असं म्हणतात, तेव्हाही त्याचा अर्थ इतकाच असतो की दहा लाख हत्यारांत फार तर एखाद्यावर काही जिवंत उरण्याची शक्यता आहे. आम्ही सर्व्हर शंभर टक्के चालू राहील असं कोणालाच लिहून देत नाही, नव्व्याण्णवच्या पुढे दशांशात किती नऊ द्यायचे एवढंच ठरवतो. प्रत्येक वाढत्या नवाची किंमत आधीच्यापेक्षा जास्त असते. तेव्हा प्रश्न ‘शून्य कसं करायचं’ असा नव्हताच. बाटलीवर किती नऊ पुरेसे, असा होता.

त्यात पुन्हा, ज्या दुधासाठी हा खटाटोप, ते दूधच निर्जंतुक नसतं. आईच्या दुधात निरोगी असतानाही जिवाणू असतात, त्यातले काही बाळाच्या आतड्यात वस्तीला जातात, आणि ते चांगलंच आहे. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. अशा पेढ्यांत दान आलेलं दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास ठेवतात, उकळत नाहीत. धोक्याचे जिवाणू मरावेत, पण दुधातले बाळाचं रक्षण करणारे घटक शक्य तितके वाचावेत, असा तो बेत असतो. इतक्या नाजूक बाळांचं दूधही शून्यावर आणत नाहीत, हे कळल्यावर माझे खांदे जरा खाली आले.

डब्यातली पावडरही निर्जंतुक नसते, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडतो. आजार दुर्मीळ, पण दिवस न भरलेल्या आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळांच्या जिवावर बेतणारा. २०२२ मध्ये अमेरिकेत याच जिवाणूच्या संशयावरून मिशिगनमधला एक मोठा कारखाना काही महिने बंद राहिला आणि तिथल्या पावडरच्या तुटवड्यात त्याची भर पडली. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्येच सांगून ठेवलं आहे की पावडर किमान ७० अंशांच्या पाण्यात कालवावी आणि मग निववून पाजावी. आपण काय करतो, बाटली दहा मिनिटं उकळतो आणि तिच्यात पावडर घालून वर कोमट पाणी ओततो. दाराला तीन कुलपं लावून खिडकी उघडी ठेवण्यासारखं आहे हे.

* * *

आता पर्याय.

उकळणं सगळ्यात स्वस्त, आणि कुठंही जमतं. बाटली पूर्ण बुडायला हवी, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, आणि पाण्याला खळखळून उकळी आल्यापासून वेळ मोजायचा. अमेरिकेची सीडीसी पाच मिनिटं सांगते, ब्रिटनची आरोग्यसेवा दहा. मला काळजी वेगळीच होती. पहाटे तीनला गॅसवर पातेलं ठेवून ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाचा डोळा लागू शकतो, आणि घरात नवं बाळ आहे. उकळत्या पाण्याचं पातेलं हा स्वतःच एक धोका आहे. तो एक्सेलमध्ये सहसा कोणी धरत नाही.

वाफ त्यापेक्षा शहाणी. वाफ गार बाटलीला लागली की तिचं पाणी होतं, आणि तसं होताना ती पोटातली सगळी उष्णता बाटलीला देऊन टाकते. उकडीच्या मोदकाची पारी एवढ्या लवकर शिजते ती याच कारणानं, आणि उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त लागतो तोही. सासूबाईंचं मोदकपात्र आणि दुकानातलं दोन हजारांचं इलेक्ट्रिक यंत्र यांच्यात भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं काहीच फरक नाही. फरक एकच: यंत्र आपणहून बंद होतं. तळाशी मोजून पाणी घालायचं, ते आटलं की तव्याचं तापमान एकदम चढतं आणि आतला थर्मोस्टॅट वीज तोडतो. राइस कुकरसारखंच. आम्ही ते यंत्र घेतलं, केवळ या आपणहून बंद होण्यासाठी. टँकरच्या जड पाण्यानं त्याच्या तव्यावर आठवड्यात पांढरा थर चढतो, तो लिंबूसत्त्वानं काढावा लागतो. वीज गेली तर मोदकपात्र आहेच.

गोळ्यांत क्लोरीन असतो. गार पाण्यात विरघळवायच्या, त्यात बाटल्या अर्धा तास पूर्ण बुडवून ठेवायच्या, आणि पाणी चोवीस तासांनी बदलायचं. ना गॅस लागतो, ना वीज. पहिल्या महायुद्धाच्या काळात जखमा धुण्यासाठी असंच क्लोरीनचं द्रावण वापरायचे. प्रवासाला उत्तम, पण आमच्याकडे वासावरून मोडता पडला.

अतिनील किरणांचा डबा दिसायला सगळ्यात देखणा. करोनाच्या काळात मोबाइल आणि किल्ल्या त्यात ठेवायची टूम निघाली होती, तीच आता निळा दिवा लावून बाळांच्या खोलीत शिरली आहे. पण प्रकाश सरळ जातो. जिथं सावली, तिथं जंतू सुखरूप. जंतू मारणारे हे किरण साध्या काचेतून आणि बहुतेक प्लॅस्टिकमधून नीट आरपार जात नाहीत, आणि बाटलीला निपल आहे, निपलला भोक आहे, झाकणाला आटे आहेत. नेमक्या याच जागी दूध अडकतं.

डिशवॉशर आमच्याकडे नाही, त्यामुळे मावसभावाच्या कॉलममध्ये ‘लागू नाही’ असं लिहिलं.

हे सगळं जुळत आलं होतं, तेवढ्यात प्लॅस्टिक आडवं आलं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या तपासल्या. गरम पाणी घालून हलवल्यावर एका लिटरमध्ये १ कोटी ६० लाखांपर्यंत सूक्ष्मकण सापडले, आणि पाणी जितकं गरम तितके कण जास्त. म्हणजे एक अहवाल म्हणतो पाणी सत्तर अंशांच्या वर हवं, दुसरा म्हणतो बाटलीत गरम पाणी घालू नका. सुदैवानं दोघांना एकत्र नांदवता येतं. पावडर स्टीलच्या भांड्यात गरम पाण्यात कालवायची, निववायची, मग बाटलीत ओतायची. म्हणजे धुवायला आणखी एक भांडं.

* * *

आजी दुसऱ्या महिन्यात पुण्याला आली. बाळाला आधी पाहिलं, मग माझं यंत्र पाहिलं. “वाफेचं व्हय,” म्हणाली, “बरं हाय.” मग रोवळीत वाळत घातलेल्या बाटल्यांतली एक उचलली, नाकाशी धरली आणि हुंगली. दुसरी हुंगली. चारही झाल्यावर एक बाजूला काढून ठेवली.

आजीनं तीस वर्षं डेअरीला दूध घातलं. दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ एक किटली. तिला बॅक्टेरिया हा शब्द माहीत नाही, पण किटली नीट धुतली नाही तर दूध फाटतं, फाटलेलं दूध डेअरीवाला घेत नाही आणि त्या दिवसाचे पैसे बुडतात, हे तिला पक्कं माहीत आहे. डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधात मेथिलीन ब्लू नावाचा निळा रंग टाकतात. जिवाणू जितके जास्त, तितका तो रंग लवकर उडतो. आजीचं नाक हे त्याच चाचणीचं घरगुती रूप आहे.

तिनं मला क्रम शिकवला. आधी गार पाणी. दूध संपल्या संपल्या, सुकायच्या आत. “गरम पाणी आधी घातलंस तर दूध शिजून चिकटतंय,” ती म्हणाली. आणि ते खरं आहे, डेअरीच्या कारखान्यातही पहिली खळखळ गार किंवा फार तर कोमट पाण्याचीच असते, कारण उष्णतेनं दुधातली प्रथिनं भांड्याला धरतात. मग गरम पाणी आणि साबण, स्निग्धांश सुटण्यासाठी. मग ब्रश, तळापर्यंत. निपल उलटा करून बोटानं चोळायचा, भोकातून पाणी दाबून काढायचं. आटे वेगळे घासायचे. पुन्हा स्वच्छ पाणी. मग तुझं ते वाफेचं. मग उलटं घालून वाळवायचं, फडक्यानं पुसायचं नाही. “फडकं बाटलीपेक्षा घाण असतंय.”

मी हे सगळं माझ्या पद्धतीनं तपासून पाहिलं. एकही पायरी चुकीची निघाली नाही. दुधाचा थर राहिला तर त्याच्या आत जंतू दडतात, चिकट पापुद्रा करून राहतात, आणि त्या पापुद्र्याआड त्यांना उष्णताही कमी लागते आणि क्लोरीनही कमी पोचतो. म्हणून जगभरच्या सगळ्या सूचनांत पहिलं वाक्य एकच असतं: आधी धुवा. ते वाक्य आपण वाचत नाही, कारण त्याचं यंत्र विकत मिळत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात लांब रबरी नळीची बाटली फार खपत असे. बाळ पाळण्यात पडल्या पडल्या स्वतःच दूध ओढायचं, आईचे हात मोकळे. नळी आतून घासताच येत नसे. पुढे तिला खुनी बाटली असं नाव पडलं. वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं, असं डॉक्टर म्हणतात त्याचं एक कारण हेच आहे: ते उघडं असतं, त्याला कोपरे नसतात, घाण राहिली तर डोळ्यांना दिसते.

आणि कोरडं का? जंतूंना वाढायला ओल लागते आणि वेळ लागतो. सगळं मनासारखं असेल तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. शंभर जिवाणू चार तास कोमट दुधात राहिले तर बारा वेळा दुप्पट होऊन चार लाखांच्या वर जातात. म्हणून उष्टं दूध तासाभरानं फेकायचं, कितीही जिवावर आलं तरी. तयार केलेलं पण न उष्टावलेलं पावडरचं दूध बाहेर दोन तासांपुढे नाही. इथं कुठलंही यंत्र उपयोगी पडत नाही. फक्त घड्याळ.

बाजूला काढलेल्या त्या बाटलीला काय झालं होतं, म्हणून मी विचारलं. आजी म्हणाली, “रबराला वास हाय. टाकून दे.” मला कसलाच वास येत नव्हता. मी टाकून दिला.

* * *

आजीला पाच मुलं झाली, असं मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. मी पाहिले ते काका, आत्या, वडील आणि धाकटे काका. चार. पाचव्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. त्या मुक्कामात एका रात्री मी ब्रश घेऊन सिंकपाशी उभा होतो आणि ती झोप येत नाही म्हणून स्वयंपाकघरात येऊन बसली होती. मी विचारलं नव्हतं. तीच म्हणाली, “माझी थोरली बाटलीवर होती.”

आजी तेव्हा टायफॉइडनं अंथरुणाला खिळली होती. दूध आटलं. कोणीतरी कराडहून काचेची बाटली आणि रबरी बोंड आणून दिलं. म्हशीच्या दुधात पाणी घालून घरातल्या बायका पाजायच्या. पावसाळ्याचे दिवस होते. मुलगी हगवणीनं गेली, सात महिन्यांची होती. “रबर काळं पडायचं गं बाई, असं सगळ्या म्हणायच्या,” आजी म्हणाली, “पण घासायचं कुणी? समद्या शेतावर.” त्यानंतरच्या चारही मुलांना तिनं बाटली लावली नाही. ते बोंडलं तेव्हाचं.

बाटलीमुळेच गेली, असं आज कोणी सांगू शकत नाही. पाणी विहिरीचं होतं, दवाखाना लांब होता. १९७१ साली भारतात जन्मलेल्या हजार मुलांपैकी १२९ मुलं वर्षाची व्हायच्या आत जात. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला होता. मधल्या पन्नास वर्षांत लसी आल्या, मीठ-साखरेचं पाणी आलं, नळ आले. पण सत्तरच्या दशकात गरीब देशांतून पावडर आणि बाटली यांचा जो खप वाढवला गेला आणि त्यातून जी मुलं गेली, त्याची गोष्ट थोड्याफार फरकानं आजीच्या थोरलीचीच आहे: आजारी किंवा कामाला जुंपलेली आई, गढूळ पाणी, न घासलेलं रबर. त्यावरच्या आंदोलनातून १९८१ ची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आली आणि आपल्याकडे १९९२ चा कायदा. या कायद्यानं बाटल्यांची आणि पावडरची जाहिरात करायला बंदी आहे. डब्यावर बाळाचं चित्र छापता येत नाही, आणि आईचं दूध सर्वोत्तम असं ठळक अक्षरांत लिहावंच लागतं.

कायदा चांगला आहे, हे मला पटतं. तरी पहाटे तीनला ते ठळक वाक्य कोण वाचतं, हेही मी पाहिलं आहे. काही रात्री काढलेलं दूध पुरायचं नाही आणि मी पावडरचा डबा उघडायचो. बायकोनं एकदा काही न बोलता तो डबा भिंतीकडे तोंड करून ठेवला. तेव्हापासून तो तसाच असायचा. आजीच्या लक्षात आलं असावं. दुसऱ्या दिवशी ती बायकोला म्हणाली, “पोरीच्या पोटात जातंय ना? मग झालं. धुणारा हाय घरात.” मला वाटतं, गेल्या तीन महिन्यांत कोणी तिला दिलेला तो सगळ्यात उपयोगी सल्ला होता, आणि तो सल्ला नव्हताच.

कारण शेवटी ‘रात्री तीन वाजता जमेल का’ हाच माझ्या शीटमधला खरा कॉलम निघाला. यानं नक्की काय मरतं, या प्रश्नाचं उत्तर मी लिहिलं: नीट धुतलं असेल तर कशानंही पुरेसं मरतं, नीट धुतलं नसेल तर कशाचीच खात्री नाही. उकळण्यात आणि वाफेत जो फरक आहे, त्याच्या कितीतरी पट फरक ब्रश तळापर्यंत गेला की नाही यानं पडतो. ब्रश तळापर्यंत जातो की नाही, हे पुन्हा त्या हाताला किती झोप मिळाली आहे यावर ठरतं. आजीच्या घरात तेव्हा तांबं-पितळ घासायला राख होती, चिंच होती, उकळायला चूल होती. नव्हता तो मोकळा हात. निर्जंतुक करण्याची सगळी यंत्रं हे गृहीत धरतात की असा एक हात घरात आहेच, आणि तो सहसा कोणाचा असतो हे सांगायची गरज नाही.

आम्ही भांडीवाल्या मावशींकडे बाटल्या दिल्या नाहीत, बायकोकडेही नाही. दिवसाच्या-रात्रीच्या मिळून सहा बाटल्या मीच धुतल्या. मोठेपणा नाही त्यात काही. दूध काढायचं काम मला जमण्यातलं नव्हतं, त्यामुळे उरलेलं घेतलं. माझे आणि त्या चार मिनिटांचे हळूहळू संबंध जुळले. गार, साबण, ब्रश, निपल उलटा, आटे, पुन्हा पाणी. डोकं झोपलेलं असलं तरी हात क्रम विसरत नाहीत. ऑफिसात आम्ही याला चेकलिस्ट म्हणतो आणि तिच्यासाठी मीटिंग घेतो.

* * *

मुलगी आता आठ महिन्यांची आहे, सात किलोंच्या पुढे गेली आहे. आजपर्यंत एकदाच पोट बिघडलं, दोन दिवसांत सावरलं. कधी थांबायचं याबाबत मोठ्या संस्थांचं एकमत नाही. ब्रिटनमध्ये वर्षभर सगळं निर्जंतुक करायला सांगतात. अमेरिकेत दोन महिन्यांच्या आतल्या, दिवस न भरलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांसाठी रोज करा म्हणतात, बाकीच्यांना दर वेळी नीट धुतलं तरी पुरे. आमच्या डॉक्टरांनी सहाव्या महिन्यात सांगितलं, आता नुसतं धुतलं तरी चालेल. पाणी बघून घ्या, पावसाळ्यात जपा. पाण्याला टँकरचा भरवसा नाही, म्हणून रात्री झोपण्याआधी एकदा वाफ देतो. बाकी वेळा ब्रश.

परवा टीममधल्या एकानं विचारलं. त्याच्या बायकोचा आठवा महिना आहे, तीन यंत्रांच्या लिंक त्यानं एका ओळीत पाठवल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, यातलं कुठलं घेऊ? मी लिहिलं, कुठलंही घे, आपणहून बंद होणारं बघ. एक लांब दांड्याचा ब्रश घे, एक छोटा निपलचा, आणि दोन्ही दर महिन्याला बदल. आणि रात्री तीनला बाटली कोण धुणार, ते आत्ताच ठरवा.

थोड्या वेळानं त्याचं उत्तर आलं, पहिल्या दोन लिंकमध्ये तू सांगतोस तसं आहे, पण तिसऱ्यात निळा दिवा पण आहे.